युरोपीय सेडान : घ्यावी, लीजवर वापरावी, की थांबावे?

स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडी, मर्सिडीज अशा युरोपीय बनावटीच्या सेडान गाड्यांविषयी मराठवाड्यातून आलेली काही पत्रे आणि त्यांची उत्तरे या वेळच्या सदरात एकत्र देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांनी आपल्या घरगुती हिशेबाचे तपशील मोकळेपणाने कळवले असल्यामुळे त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी लातूरमध्ये वैद्यकीय व्यवसाय करतो. आठवड्यातून दोन दिवस उदगीर आणि निलंगा येथे रुग्ण तपासायला जातो. वर्षाला साधारण २४,००० किलोमीटर गाडी चालते. दीड लिटर पेट्रोल इंजिनाची सेडान मनात आहे. ती रस्त्यावर येईपर्यंत १८ लाख रुपये लागतील. शोरूममध्ये मला लीजचा पर्याय सुचवण्यात आला : पाच वर्षे, महिना ३७,००० रुपये, त्यात विमा, सर्व्हिस आणि टायर धरलेले, वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला १२ रुपये. ‘डॉक्टरांना करात फायदा होतो’ असे सांगितले गेले. शिवाय पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगाही त्याच्या कंपनीमार्फत लीजवर गाडी घेण्याच्या विचारात आहे. आम्ही दोघांनी काय करावे?

उत्तर : डॉक्टरसाहेब, आपण दिलेले आकडे मांडून पाहिले की उत्तर बरेचसे स्पष्ट होते. ३७,००० रुपयांप्रमाणे साठ महिन्यांचे २२ लाख २० हजार होतात. मात्र आपला खरा वापर मर्यादेपेक्षा वर्षाला ९,००० किलोमीटरने, म्हणजे पाच वर्षांत ४५,००० किलोमीटरने जास्त आहे आणि त्याचे ५ लाख ४० हजार वेगळे द्यावे लागतील. एकूण २७ लाख ६० हजार रुपये देऊन पाच वर्षांनी गाडी परत करायची, असा हा करार आहे. शोरूममध्ये महिन्याचा आकडा ठळकपणे सांगितला जातो आणि किलोमीटरची अट करारपत्राच्या आतल्या पानावर राहते. लातूर, उदगीर, निलंगा अशा फिरतीच्या व्यवसायात खर्च नेमका त्या आतल्या पानावर ठरतो.

आता खरेदीचे पाहू. ३ लाख ६० हजार रोख भरून उरलेल्या १४ लाख ४० हजारांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २९,९०० रुपये बसतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी साधारण साडेतीन लाख जातात. विमा, सर्व्हिस आणि टायरचा एक संच यांसाठी मी सढळ हाताने चार लाख धरतो. सव्वा लाखाच्या आसपास किलोमीटर चाललेल्या गाडीला पाच वर्षांनी साडेसहा लाख येतील, असे सावधपणे धरू. निव्वळ खर्च १९ लाखांच्या घरात येतो. रोख भरलेल्या रकमेवर बँकेत मिळाले असते ते व्याज मिळवले तरी तो साडेवीस लाखांच्या आत राहतो. लीजशी तुलना करता हा फरक सात लाखांचा आहे.

करातील फायद्याचे म्हणणे पूर्णपणे खोटे नाही, पण ते अर्धवट सांगितले जाते. आपण हिशेबाची वही ठेवून प्रत्यक्ष खर्च दाखवत असाल, तर लीजचे भाडे व्यवसायापुरते खर्चात धरता येते हे खरे. परंतु स्वतःच्या गाडीवरही घसारा, म्हणजे गाडीच्या घटत्या किमतीची करातील वजावट, मिळतो. घटत्या किमतीवर दरवर्षी १५ टक्के, म्हणजे पाच वर्षांत मूळ किमतीच्या जवळजवळ ५५ टक्के. कर्जाचे व्याज आणि देखभालही खर्चात जाते. संपूर्ण वापर व्यवसायासाठी धरून आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातील कर लावून मी दोन्ही बाजू मोजल्या, तेव्हाही खरेदी चार ते पाच लाखांनी स्वस्त ठरली. आणि आपण जर एकूण जमेच्या निम्मे उत्पन्न धरून कर भरण्याची अनुमानित योजना निवडली असेल, जशी अनेक डॉक्टर निवडतात, तर लीजचे भाडे वेगळे वजा करता येतच नाही. भाड्यावर आकारलेल्या जीएसटीची वजावटही अशा प्रवासी मोटारीसाठी मिळत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी आपल्या सीएंना एकच प्रश्न विचारावा : माझे विवरणपत्र कोणत्या पद्धतीने भरले जाते?

आपल्या मुलाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तेथे माझे मत लीजच्या बाजूने आहे. कंपनीच्या योजनेत भाडे पगारातून कर लागण्याआधी वजा होते. कर लागतो तो केवळ या सोयीच्या नियमाने ठरवून दिलेल्या मूल्यावर आणि ते मूल्य इंजिन १.६ लिटरच्या आत आहे की वर, यावर ठरते. स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस या सेडानची १.० आणि १.५ लिटरची दोन्ही इंजिने या मर्यादेच्या आत बसतात. मुदत संपल्यावर ठरलेल्या उर्वरित किमतीला गाडी स्वतःच्या नावावर करून घेता येते. त्याने दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. मध्येच नोकरी सोडल्यास करार मोडण्याचा आकार किती, आणि गाडीचे पासिंग कोणत्या राज्यात व कोणाच्या नावावर होणार. परराज्यातील क्रमांकाची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवली तर येथे पुन्हा नोंदणी आणि कर भरावा लागतो, आणि तो भार कोणी उचलायचा यावरून पुढे वाद होतात.

जाता जाता : दहा लाखांवरच्या गाडीवर शोरूम जो एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल केलेला आयकर) घेते, तो विवरणपत्रात जुळवून मिळतो. अनेक जण तो गाडीच्या किमतीतच गेला असे समजून सोडून देतात.

प्रश्न : वसमत तालुक्यात आमची हळद आणि सोयाबीनची शेती आहे. भावकीतील एकाने २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.८ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक, ९०,००० किलोमीटर चाललेली, आम्हाला देऊ केली आहे. गाडी चालवून पाहिली. अशी गाडी आजवर हातात आली नव्हती. मोठे बंधू म्हणतात, ‘हत्ती पोसायला घेऊ नका.’ सर्व्हिससाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते. घ्यावी का? आणि नवी गाडी लीजवर घेतली तर काही फायदा होईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त आहे. जेथे करच नाही तेथे भाडे खर्चात दाखवून वाचवण्यासारखे काही उरत नाही. म्हणून ज्यांचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे, त्यांनी लीजचा विचार करू नये. शिवाय शेतकऱ्याच्या हाती पैसा हंगामाला येतो आणि लीजचे भाडे दर महिन्याला मागते. कर्ज घ्यायचेच असेल तर सहामाही हप्ते देणारी बँक शोधावी.

आता ऑक्टाव्हिया. आपल्या मनातील ओढ मला पूर्णपणे कळते, कारण याच इंजिनाची आणि याच गिअरबॉक्सची गाडी मी सात वर्षे वापरली आहे. या १.८ लिटर पेट्रोल गाडीत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे आणि त्याचे दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले आहेत. मोकळ्या रस्त्यावर तो उत्तम चालतो. मात्र मे महिन्यात, ४२ अंशांच्या उन्हात, बाजारपेठेत किंवा रेल्वे फाटकावर इंचाइंचाने गाडी पुढे सरकवावी लागली की क्लच तापतात, आणि गिअर बदलणारा मेकाट्रॉनिक नावाचा भाग हे त्याचे दुखणे आहे. त्याच पिढीच्या दोन लिटर डिझेल ऑटोमॅटिक ऑक्टाव्हियात सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी होता. तो या बाबतीत जास्त सोशिक आहे, पण त्याचे तेल ठरलेल्या किलोमीटरला बदलावेच लागते.

माझ्या गाडीचे सम गिअर एका दुपारी जालन्याजवळ अचानक लागेनासे झाले. पहिल्या गॅरेजने संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल असे सांगितले आणि जी रक्कम सांगितली ती ऐकून मी गाडी भंगारात काढण्याच्या विचारापर्यंत गेलो होतो. दुसऱ्या ठिकाणी, ज्यांच्याकडे या गाड्यांचे निदान करणारे संगणकीय उपकरण होते, तेथे केवळ मेकाट्रॉनिकचा दोष निघाला आणि पहिल्या आकड्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यात काम झाले. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की आपण गाडी निवडण्याआधी मेकॅनिक निवडावा. नांदेड, परभणी किंवा संभाजीनगर, जेथे असेल तेथे, हे उपकरण वापरता येणारा आणि डीएसजी प्रत्यक्ष उघडलेला माणूस शोधावा, त्याला त्याची फी देऊन गाडी दाखवावी आणि दोषांच्या नोंदींचा कागद छापून घ्यावा.

गाडी पाहताना सकाळी थंड इंजिनाने सुरू करावी. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना गाडी थरथरते का, चढावर मागे सरकते का, हे पाहावे. कूलंटची पातळी आणि पाण्याच्या पंपाभोवती सुकलेल्या गुलाबी डागांची खूण तपासावी, कारण तेथील प्लॅस्टिकचे घर आपल्या हवेत काही वर्षांनी गळू लागते. आपल्या भागातील काळ्या मातीवरचे डांबरी रस्ते दर पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे त्यांना लाटा येतात आणि त्या लाटा पुढच्या चाकांचे बुश आणि लिंक रॉड खातात. तो खर्च धरूनच किंमत ठरवावी.

निदान स्वच्छ निघाले, सर्व्हिसचा संपूर्ण इतिहास मिळाला आणि किंमत ठरवताना एका मोठ्या दुरुस्तीची रक्कम आपण बाजूला ठेवू शकलात, तर गाडी जरूर घ्यावी. त्यासाठीचे पैसे हळदीच्या पट्टीतून वेगळे निघणार नसतील, तर मात्र थोरल्या बंधूंचे ऐकावे. भावकीतला व्यवहार असला तरी आरसीवर नाव चढवणे, कर्जाचा बोजा उतरल्याची एनओसी आणि विम्याचे हस्तांतरण या तीन गोष्टी पैसे देण्यापूर्वी कराव्यात.

प्रश्न : बीडहून गेवराई आणि माजलगाव भागात रात्री-अपरात्री जावे लागते. सेडान खाली घासते आणि उंच गाडी सुरक्षित असते असे सगळे म्हणतात. खरे काय?

उत्तर : स्लाव्हियाची जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर आहे, जी जुन्या युरोपीय सेडानपेक्षा चांगलीच जास्त आहे. पाच माणसे आणि भरलेली डिकी असेल तर गावोगावच्या बेकायदा गतिरोधकांवर तिरपी काढावी लागेल, एवढेच. सुरक्षितता उंचीवर ठरत नाही. स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन्ही गाड्यांना एप्रिल २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत प्रौढ आणि बालके या दोन्ही गटांत पाच तारे मिळाले. खालचा गुरुत्वमध्य असलेली गाडी अचानक वळवावी लागली तर उंच गाडीपेक्षा सावरायला सोपी जाते, आणि आपल्या रस्त्यांवर तशी वेळ येते. ऊस हंगामात दिव्याविना, परावर्तक पट्टीविना उभ्या असलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ज्यांनी रात्री ऐनवेळी पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पैसे उरत असतील तर ते सनरूफवर न घालवता चांगले दिवे आणि चांगल्या टायरवर घालवावेत.

प्रश्न : मी शेंद्रा येथील मोटार कारखान्यातून निवृत्त झालो. पहिल्या ऑक्टाव्हिया मी पाहिल्या आहेत. आज संभाजीनगरच्या रस्त्यावर जिकडेतिकडे एसयूव्ही दिसतात. सेडान संपत आली का? आता नवी सेडान घेतली तर पुढे सुटे भाग मिळतील का? फियाट आणि ओपेलच्या मालकांचे जे झाले तेच आमचे होईल, अशी भीती वाटते. युरोपशी झालेल्या कराराने गाड्या स्वस्त होणार असतील तर थांबावे का?

उत्तर : आपले पत्र वाचून मन भरून आले. २००१ साली शेंद्रा औद्योगिक वसाहतीतून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली, तेव्हा या शहराला युरोपीय सेडान म्हणजे काय हे पहिल्यांदा जवळून कळले. पुढे लॉरा, सुपर्ब आणि ऑडीच्या ए-४, ए-६ येथेच जुळल्या. आणि याच शहरातील उद्योजक-व्यावसायिकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या, त्याची चर्चा देशभर झाली. मराठवाडा म्हणजे केवळ दुष्काळ, हे चित्र त्या दिवशी अनेकांच्या मनात बदलले. सेडानशी असलेले आपले नाते हे असे आहे.

उतार मात्र खरा आहे आणि तो केवळ आपल्याकडे नाही. फोक्सवॅगनची नव्या पिढीची पसाट युरोपातही सेडान रूपात न येता केवळ लांब डिकीच्या इस्टेट रूपात आली, आणि फोर्डची माँडेओ २०२२ मध्ये थांबली. आपल्याकडे ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब २०२३ मध्ये नव्या प्रदूषण निकषांच्या वेळी बंद झाल्या. नंतर त्या परतल्या, पण आयात होऊन, मर्यादित संख्येने आणि पन्नास लाखांच्या आसपास किंवा वरच्या किमतीला. सामान्य डॉक्टर, वकील किंवा प्राध्यापक ज्या किमतीत ऑक्टाव्हिया घेत असे तो टप्पाच रिकामा झाला आहे, याचे मला मनापासून दुःख आहे.

सुट्या भागांची भीती मात्र वेगवेगळ्या गाड्यांसाठी वेगळी करून पाहावी. ओपेलने २००६ मध्ये येथील विक्री थांबवली आणि पुढे फियाटची लिनियाही बंद झाली, तेव्हा त्या मालकांच्या हाती अशी गाडी राहिली जिचे बरेचसे भाग बनवणारे दुसरे कोणी येथे नव्हते. स्लाव्हिया आणि व्हर्टस यांची स्थिती तशी नाही. त्या चाकणला बनतात आणि त्यांचा पाया कुशाक आणि टायगून या त्याच कंपन्यांच्या एसयूव्हींचाच आहे. त्यांचे एक लिटरचे इंजिन स्कोडाच्या कायलाक या छोट्या एसयूव्हीमध्येही आहे, व्हर्टस मेक्सिकोला निर्यात झाली आहे आणि स्लाव्हियाचे संच व्हिएतनाममध्ये जुळणीसाठी जातात. उद्या सेडानचा पत्रा बनणे थांबले तरी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग एसयूव्हींसाठी बनत राहतील. दिवे, बंपर आणि काचा यांची अडचण येऊ शकते, तेवढ्यासाठी विमा झिरो डेप, म्हणजे भागांच्या किमतीतून घसारा न कापणारा, ठेवावा.

कराराविषयी. जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांनी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा केली. त्यानुसार आयात मोटारींवरील ११० टक्क्यांपर्यंत जाणारे शुल्क ठरावीक संख्येच्या मर्यादेत, टप्प्याटप्प्याने, १० टक्क्यांपर्यंत उतरवायचे आहे. यामुळे येथेच बनणाऱ्या स्लाव्हियाची किंमत उतरणार नाही, तेव्हा तिच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. तिच्या किमतीत जो फरक पडायचा होता तो २२ सप्टेंबर २०२५ ला पडला. त्या दिवशी उपकर जाऊन चार मीटरहून लांब, पण दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या पेट्रोल सेडानवरचा एकूण कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला. ज्यांना पूर्णपणे आयात होणारी महाग सेडान हवी आहे त्यांनी थांबणे योग्य ठरेल. आणि अशी गाडी ज्यांना वापरलेली, दोन-तीन वर्षांची घ्यायची आहे, त्यांनी तर विशेष जपावे, कारण नवी स्वस्त झाली की जुनीची किंमत तिच्या आधी उतरते. लीजचा मला पटणारा एक उपयोग येथे आहे. उतरत्या किमतीचा धोका अशा वेळी लीज देणाऱ्याच्या डोक्यावर राहतो.

आपण निवृत्त आहात आणि वापर वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर असल्याचे कळवले आहे. एक लिटर इंजिनाची गाडी साध्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकसह घ्यावी. तिच्यात डीएसजीची चिंता नाही आणि समृद्धी महामार्गावरची ताशी १२० किलोमीटरची मर्यादा ती सहज गाठते. दहा वर्षे ठेवायची असेल तर पुनर्विक्रीचा विचार मनातून काढून टाकावा आणि वाढीव वॉरंटी पहिल्या दिवशीच घ्यावी.

प्रश्न : जालन्यात माझा व्यवसाय आहे. इलेक्ट्रिक युरोपीय सेडान कंपनीच्या नावावर घ्यावी का?

उत्तर : या गटातील बहुतेक गाड्या, उदाहरणार्थ मर्सिडीज ईक्यूएस किंवा बीएमडब्ल्यू आय-७, फार महाग आहेत. जीएसटी केवळ ५ टक्के आहे आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर टोलमाफीची तरतूद आहे, ही जमेची बाजू. परंतु बॅटरीचे तंत्र झपाट्याने पुढे जात असल्यामुळे आजची इलेक्ट्रिक गाडी तीन वर्षांत जुनी वाटू लागते. कंपनीच्या हिशेबात भाडे पूर्ण खर्चात जाणार असेल आणि किलोमीटरची मर्यादा आपल्या वापराला पुरत असेल, तर तीन वर्षांची लीज घ्यावी, खरेदी करू नये. स्वतःच्या आवारात चार्जर बसवण्याआधी महावितरणकडून वाढीव भार मंजूर करून घ्यावा.

प्रश्न : नांदेडच्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोलच मिळते. माझी २०१८ ची स्कोडा रॅपिड बिघडेल का?

उत्तर : एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबरी आणि इतर भाग या मिश्रणाला अनुकूल असावेत असा नियम आहे, आपली गाडी त्याआधीची आहे. ती एकाएकी बंद पडणार नाही, मायलेज थोडे कमी होईल. इंधनाच्या नळ्या आणि सील पुढच्या सर्व्हिसला तपासून घ्यावेत, झिजलेले बदलावेत, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते.